दगड सापडला, पण कुठे?

देवघरात पंचायतन असेल, तर त्या घरात दगडांचा एक लहानसा संग्रह आधीपासूनच आहे. शाळिग्राम गंडकीचा, बाण नर्मदेचा, गणपतीचा तांबडा शोणभद्र शोण नदीचा, देवीची सुवर्णमुखी त्याच नावाच्या नदीची आणि सूर्यासाठी स्फटिक. पाचांतले चार दगड नदीच्या नावाने ओळखले जातात. शाळिग्रामाच्या आतले चक्र म्हणजे ज्युरासिक काळातल्या समुद्रात राहणाऱ्या अमोनाइट या प्राण्याच्या शंखाचा जीवाश्म. तो गंडकीत मिळतो, कारण ही नदी हिमालयात अशा ठिकाणाहून वाहते जिथे त्या जुन्या समुद्रतळाचे काळे खडक उघडे पडले आहेत. ज्यांनी ही पूजा रूढ केली, त्यांनी दगडाबरोबर त्याची नदीही जपली. दगड ओळखण्याच्या शास्त्राला आजही याहून चांगली सुरुवात सापडलेली नाही.

हे पुस्तक आपल्या ओढ्यानाल्यांत, नदीच्या दरडीत, बांधाच्या कडेला सापडणाऱ्या वेगळ्या दिसणाऱ्या दगडांविषयी आहे. त्यातले काही निसर्गाने घडवलेले असतात, काही माणसाने, आणि पुष्कळसे असे की चांगला जाणकारही हातात घेऊन क्षणभर थांबतो. शिक्षक, शेतकरी, सुट्टीत गावी आलेली मुले, डोंगर चढणारे तरुण असे दगड उचलतात आणि मोठ्या आशेने कुणाला तरी दाखवतात. हल्ली बहुधा तळहातावर ठेवलेल्या दगडाचा फोटो येतो आणि खाली प्रश्न असतो, ‘हे काय आहे?’ त्या फोटोत हात दिसतो, दगड दिसतो; दरड, थर, शेजारचे दगड यांतले काहीच दिसत नाही. अशा वेळी उलट विचारावे लागते, ‘कुठे सापडला?’ आणि ‘ओढ्यात’ एवढेच उत्तर आले, तर निम्मी माहिती कायमची हरवलेली असते. दगडाची अर्धी ओळख त्याच्या अंगावर असते आणि अर्धी तो पडला होता त्या जागेवर. पुढच्या सगळ्या प्रकरणांत मी हेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

आधी निसर्गाकडे पाहू, कारण आपल्या भागात फसवे दगड पुष्कळ आहेत. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले, आणि आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर तो खडक पसरलेला आहे. या लाव्ह्यातून वायू बाहेर पडताना पोकळ्या राहिल्या. नंतर त्यांतून झिरपणाऱ्या पाण्याने सिलिका आणि इतर द्रव्ये आणून त्या भरल्या. विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या खडक म्हणतात, त्यातले पांढरे, हिरवट, गुलाबी ठिपके म्हणजे या भरलेल्या पोकळ्याच. खडक झिजून माती झाला, तरी पोकळीतला कठीण ऐवज टिकून राहतो आणि ओढ्यात उतरतो. म्हणून काळ्या खडकाच्या प्रदेशातल्या ओढ्यात पांढऱ्या गारगोट्या, पट्ट्यापट्ट्यांचा अकीक, लाल जास्पर, दुधी कॅल्सेडनी सापडते. काळ्या रानात तांबडा, पारदर्शक खडा चमकला की तो कुणीतरी दुरून आणला असावा असे वाटणे साहजिक आहे. पण तो तिथलाच असतो, वरच्या डोंगरातून आलेला.

पोकळी मोठी असली तर आत स्फटिक वाढतात. पुण्याच्या पाषाण भागातला हिरवा अपोफिलाइट आणि वाघोलीच्या खाणीतला निळा कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात एकदा गेलेल्या माणसाला दख्खनच्या खडकाच्या पोटात काय काय दडले आहे याची कल्पना येते. पण स्टिलबाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट हे झिओलाइट गटातले स्फटिक मऊ आणि ठिसूळ असतात. ते विहिरीच्या नाहीतर खाणीच्या ढिगाऱ्यात मिळतील. पात्रातल्या लोटालोटीत फार टिकत नाहीत. ओढ्यात असा ताजा, अभंग स्फटिक दिसला, तर वर कुठेतरी नुकतीच विहीर खणली आहे किंवा सुरुंग लागला आहे असे समजावे. दगड किती झिजला आहे यावरून तो किती दुरून आला असेल याचा अंदाज बांधता येतो, आणि ही सवय पुढे हत्यारे ओळखतानाही उपयोगी पडते.

बेसाल्टच्या आणखी काही आकारांनी भल्याभल्यांना फसवले आहे. हा खडक कुजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात आणि मध्ये गोल गाभा उरतो. असे गोल एका ओळीत दिसले की लोक त्यांना तोफगोळे म्हणतात, कुणी डायनासोरची अंडी म्हणतात. लाव्हा थंड होताना आकसून पडलेल्या भेगांमुळे पाच-सहा बाजूंचे खांब तयार होतात. ते आडवे पडलेले दिसले की जुन्या मंदिराचे अवशेष वाटतात. दोन लाव्हाथरांच्या मध्ये भाजल्यासारखा तांबडा थर असतो, तो भट्टीचा नव्हे. आणि दरडीतून डोकावणारे वेड्यावाकड्या आकाराचे पांढुरके चुनखडीचे खडे, म्हणजे कंकर. हाड, आले-हळदीची गाठ, बाहुली असे हवे ते रूप त्यात दिसते. या कंकरावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला तर फसफसते. गारगोटीवर काही होत नाही.

कसोट्या साध्या आहेत आणि त्यांना प्रयोगशाळा लागत नाही. चाकूच्या पोलादाने ओरखडा उठला तर दगड मऊ, कॅल्साइट किंवा झिओलाइटच्या गटातला. उलट दगडानेच काच ओरखडली तर बहुधा गारगोटीच्या कुळातला. न झिलई दिलेल्या टाइलच्या मागच्या बाजूवर घासून रेघेचा रंग पाहावा. काळा दिसणारा लोहदगड तांबडी रेघ सोडतो तेव्हा त्याची ओळख पटते. लोहचुंबकाच्या कसोटीबद्दल मात्र आपल्याकडे विशेष सावध राहायला हवे. दगड चुंबकाला ओढला गेला की तो आकाशातून पडला, असा समज पक्का आहे. बेसाल्टमध्येच मॅग्नेटाइट असल्याने साधा काळा दगडही चुंबक थोडाफार ओढून घेतो. जुन्या लोहारभट्टीचा मळ, म्हणजे जड, छिद्राछिद्रांचा, वितळल्यासारखा दिसणारा धातुमल, तर नेहमीच अशनी म्हणून दाखवला जातो. अशनीला बहुतेक वेळा छिद्रे नसतात आणि बाहेरून पातळ, जळकट कवच असते. खरे अशनी आपल्याकडे पडले आहेतच. नागपूर जिल्ह्यात काटोलच्या परिसरात २२ मे २०१२ रोजी त्यांचा वर्षाव झाला होता. पण लोकांनी पडताना पाहिलेला अशनी आणि ओढ्यात पडलेला अनामिक काळा गोटा यांच्यात फार अंतर आहे. धातुमलाला मी टाकाऊ म्हणणार नाही. तो सापडला म्हणजे जवळपास कधीतरी लोखंड गाळले किंवा घडवले जात होते, आणि गावाच्या इतिहासासाठी ही बातमी मोलाची आहे.

जीवाश्मांचे प्रकरण या पुस्तकात लहान आहे, कारण बेसाल्टच्या पोटात ते क्वचितच असतात. पण लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये साचलेल्या तळ्यांच्या गाळात, लाव्ह्याखालच्या जुन्या खडकांत आणि नद्यांच्या गाळात ते आहेत. नागपूरजवळ टाकळीच्या गाळथरांतले जीवाश्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा केले होते. गडचिरोलीच्या सिरोंचा भागात दगड झालेली झाडे आणि डायनासोरची हाडे मिळतात. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याच्या शेतांत मातकट रंगाचे ओबडधोबड गोळे सापडतात. ते डायनासोरच्या विष्ठेचे जीवाश्म आहेत. २००५ मध्ये त्यांच्या अभ्यासातून गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले, आणि डायनासोरच्या काळात गवत नव्हतेच हा समज मोडला. शेतातला कुरूप गोळा एवढे सांगू शकतो. तो उचलून खिडकीत ठेवणाऱ्याला मात्र यातले काहीच कळले नसते.

गोदावरीच्या गाळातून तर हत्ती बाहेर आले आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या हत्तीच्या अवशेषांची नोंद पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये केली. पैठणच्या परिसरात काळेगावला रानबैलाच्या जीवाश्मांच्या संगतीत दगडी हत्यार मिळाले. नदीच्या दरडीत तळाशी चुन्याने घट्ट बांधला गेलेला जो गोट्यांचा थर दिसतो, त्यात अशी हाडे असतात. ती ताज्या हाडांपेक्षा स्पष्टपणे जड लागतात. पावसाने उघडी पडली की पुढच्या एकदोन पावसाळ्यांत त्यांचा चुरा होतो, म्हणून दिसताच कळवणे महत्त्वाचे. ओढून काढायला गेल्यास ती हातातच फुटतात.

आता माणसाच्या हाताकडे येऊ. भारतात अश्मयुगीन माणसाचा पत्ता लागला तो एका भूवैज्ञानिकामुळे. रॉबर्ट ब्रूस फूट यांना ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरमच्या मुरमाच्या खाणीत दगडी हत्यार मिळाले. ते खडक वाचायला गेले होते. नैसर्गिक दगड कसा दिसतो हे ठाऊक असल्यामुळेच वेगळा दगड त्यांच्या नजरेत भरला. त्याच सुमारास पैठणजवळच्या मुंगी इथे गोदावरीच्या गोट्यांच्या थरात वाइन या दुसऱ्या भूवैज्ञानिकाला अकीकाचा एक छिलका सापडला. महाराष्ट्राच्या प्रागितिहासातल्या पहिल्या काही पुराव्यांपैकी हा एक. १९३०च्या दशकात नौदलातले अधिकारी के. आर. यू. टॉड कांदिवलीच्या परिसरातून आणि मुंबईच्या किनाऱ्यावरून हत्यारे जमवत होते. त्यांनी १९३९ मध्ये आपले काम प्रसिद्ध केले. नंतरच्या अभ्यासकांनी त्यांच्या थरांबद्दल आक्षेप घेतले, तरी त्यांच्या नोंदी असल्यामुळेच वाद घालता आला. आज कांदिवलीत त्या जागा इमारतींखाली आहेत. टॉड यांनी फक्त दगड जमवले असते आणि लिहून ठेवले नसते, तर मुंबईच्या त्या प्राचीन रहिवाशांबद्दल बोलायला आपल्याकडे फारच थोडे उरले असते.

तरीही महाराष्ट्राला आपल्या नद्या वाचायला शिकवले ते ह. धी. सांकळिया यांनी. डेक्कन कॉलेजमध्ये बसून त्यांनी जी माणसे घडवली, ती सगळी पायी हिंडणारी होती. नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीच्या थरांतल्या हत्यारांवर त्यांचा ग्रंथ १९५२ मध्ये आला आणि मग १९५४पासून नेवाशाचे उत्खनन सुरू झाले. ज्ञानेश्वरीमुळे घराघरांत माहीत असलेले नेवासे. तिथे प्रवरेच्या दरडीत त्यांना थरांचा क्रम दिसला: तळाच्या गोट्यांमध्ये काळ्या दगडाच्या मोठ्या हातकुऱ्हाडी आणि फरश्या, वरच्या गोट्यांमध्ये जास्पर, चर्ट, अकीक यांच्या लहान तासण्या आणि टोचण्या. मधल्या पुराणाश्मयुगातल्या या लहान हत्यारांच्या परंपरेला पुढे नेवाशाचेच नाव मिळाले. एका नदीच्या एका वळणावर माणसाने हत्यार घडवायची रीत कशी बदलली हे थरांनी सांगितले. सुटे दगड, कितीही देखणे असोत, हे सांगू शकले नसते.

नेवाशाजवळच प्रवरेला मिळणारा चिरकी नावाचा एक नाला आहे. गुडरुन कोर्व्हिनस यांनी १९६६ ते १९६९ या काळात तिथे उत्खनन केले. तिथल्या हातकुऱ्हाडी दूरवरून वाहून आलेल्या नव्हत्या. गोट्यांमध्येच, मूळ जागेच्या जवळपास पडून होत्या, घडवताना उडालेल्या छिलक्यांसह. त्या किती जुन्या याचे एक उत्तर मिळाले ते कंकरातून. नेवाशाच्या गाळातल्या चुनखडीवर युरेनियम-थोरियम पद्धतीने कालमापन केल्यावर वय साडेतीन लाख वर्षांच्या पलीकडे गेले. वर ज्या कंकराला फसवा म्हटले, त्यानेच काळ सांगितला. म्हणून मी वाचकाला विनवतो, हत्याराला चिकटलेला चुना कधीही आम्लाने किंवा ब्रशने साफ करू नका.

हत्यार ओळखायचे कसे, यावर पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग खर्ची पडला आहे. इथे फक्त पाया सांगतो. बारीक कणांच्या कठीण दगडावर कडेला नेमका आघात केला की छिलका उडतो. त्या छिलक्यावर आघाताची लहान सपाट जागा राहते, तिच्याखाली आतल्या बाजूला एक फुगवटा येतो आणि त्यापुढे शिंपल्यासारखे तरंग उमटतात. मूळ दगडावर तेवढाच खोलगट वण राहतो. निसर्गातही दगड दगडावर आपटतो आणि छिलका उडतो, त्यामुळे एका वणाने काही सिद्ध होत नाही. पाहायचे ते हे: वण एकाला एक लागून आहेत का, एकाच दिशेने काढले आहेत का, कडेला बारीक आणि सारख्या अंतराने पुन्हा टवके काढले आहेत का, दोन्ही बाजूंनी काम होऊन एक आकार साधला आहे का. माणसाच्या हातात क्रम असतो. पुराच्या पाण्यात जोर असतो, क्रम नसतो.

युरोप हा धडा मोठी किंमत देऊन शिकला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये आणि फ्रान्समध्ये कडा तुटलेल्या चकमकीच्या दगडांना माणसाची आद्य हत्यारे मानून ढीगच्या ढीग जमवले गेले. १९०५ मध्ये मार्सेलँ बूल यांनी फ्रान्समधल्या मांतजवळच्या एका सिमेंट कारखान्यात पाहिले की, खडूमाती घुसळणाऱ्या यंत्रात गोटे एकमेकांवर आदळून अगदी तशाच ‘हत्यारां’ची रास पडते. पुढे १९३९ मध्ये आल्फ्रेड बार्न्स यांनी वणांचे कोन मोजण्याची पद्धत सुचवली. माणूस लघुकोनी कडेवर आघात करतो, निसर्गाला कोनाची पर्वा नसते. म्हणून एका जागेच्या पुष्कळ दगडांचे कोन मोजले तर फरक दिसतो. एका दगडावरून निकाल देण्याची घाई तेव्हापासून कमी झाली.

आपल्याकडे सिमेंटच्या यंत्राची जागा खडी फोडणाऱ्या क्रशरने घेतली आहे. रस्त्याच्या खडीत, पुलाच्या भरावात, नाला खोल करणाऱ्या यंत्राच्या दातांखाली काळ्या दगडाचे हजारो छिलके रोज उडतात आणि पहिल्या पावसात ओढ्यात येतात. त्याहून जुने आणि अधिक चकवणारे आहेत ते पाथरवटांच्या आणि वडारांच्या हातचे टवके. जाती, पाटे-वरवंटे, उखळे घडवणाऱ्या या कारागिरांच्या जुन्या तळांवर टाकीने उडवलेल्या कपच्यांचे थर असतात. तिथेही क्रम आहे, कारण तिथेही कसबी माणूस बसला होता. लोखंडी टाकीची खोल, अरुंद खाच आणि दगडाच्या घावाची पसरट जागा यांत फरक करता येतो. ताज्या कपचीचा रंग काळाभोर असतो, तर हजारो वर्षे पडून राहिलेल्या बेसाल्टवर तपकिरी, मातकट साय चढते. पण पाथरवटांचा तळ सापडला तर तोही नोंदवायलाच हवा. ‘हे काही अश्मयुगीन नाही’ म्हणून त्याकडे पाठ फिरवणे मला पटत नाही. त्या कारागिरांचा इतिहास कुणी लिहिलेला नाही आणि तो त्या कपच्यांतच आहे.

लहान हत्यारांबद्दल एक सूचना. अकीक-कॅल्सेडनीची बोटाच्या पेराएवढी पाती, चंद्रकोरी, त्रिकोण आणि ज्यांच्यावरून पाती काढली ते नळीदार गाभे दख्खनच्या टेकड्यांवर आणि ओढ्यांच्या काठी पुष्कळ आढळतात. त्यांना सूक्ष्मास्त्रे म्हणतात. ती दिसली की थेट मध्याश्मयुगाचे नाव घेतले जाते. पण शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला, इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळात शेती करून, घरे बांधून राहणारे लोकही कॅल्सेडनीची पाती वापरत होते. शेजारी खापरे आहेत का, हे आधी पाहावे. भगव्या-तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रेघांची नक्षी आणि टिचकी मारल्यावर धातूसारखा खणखणीत आवाज, असे खापर असेल तर ते जोर्वे संस्कृतीचे असण्याची शक्यता मोठी. जोर्वे हेही संगमनेरजवळचे प्रवराकाठचे गाव. तिथे १९५०-५१च्या उत्खननाच्या सुमारास तांब्याच्या सपाट कुऱ्हाडीही मिळाल्या. धान्य दळायचा मधे खोलगट झिजलेला पाटा या काळातला असू शकतो. गोल फिरणारे जाते मात्र पुढे, ऐतिहासिक काळात आले. चाळीसगाव तालुक्यात पाटण्याला एस. ए. साळी यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे आणि मणी मिळाले, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. महाराष्ट्रात तेव्हा शहामृग फिरत होते हे त्या टरफलांनी सांगितले. ती इतकी साधी दिसतात की, न शिकवलेला डोळा ती शिंपला म्हणून सोडून देतो.

जागा हरवली की काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण दायमाबादचे आहे. १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या या गावी झाडाची मुळे खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला चार धातुशिल्पे सापडली: बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन ६० किलोंहून अधिक. भारतीय उपखंडातल्या प्राचीन धातुकलेत त्यांना तोड नाही. त्यानंतर तिथे मोठे उत्खनन झाले, गावाचा संपूर्ण क्रम कळला, सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळाशी त्याचा संबंधही दिसला. पण शिल्पे स्वतः कोणत्या थरातली, हे निर्विवादपणे सांगता येत नाही. काही विद्वान त्यांना उत्तर सिंधू काळातली मानतात; धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून डी. पी. अग्रवालांसारख्यांनी शंका घेतली. सापडवणाऱ्याचा यात काडीचाही दोष नाही. त्याने वस्तू वितळवून विकल्या नाहीत, हे आपल्यावर त्याचे उपकार आहेत. पण त्या खड्ड्याच्या भिंतीकडे त्याच दिवशी कुणी पाहिले असते, तर कदाचित इतकी दशके चाललेला वाद उद्भवला नसता.

थर असूनही उत्तर सोपे नसते. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरीला ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि तिथेच हातकुऱ्हाडीही मिळतात. ही राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, यावर आता बरेच एकमत आहे. पण त्याच्या कोणत्या स्फोटाची? एका मापनाने १४ लाख वर्षे सांगितली, दुसऱ्याने सुमारे ६ लाख ७० हजार, तर राखेच्या रासायनिक ओळखीवरून काहींनी ७५ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाचे नाव घेतले. हत्यारांचे वय या उत्तरावर अवलंबून आहे. हा वाद मला निराश करणारा वाटत नाही. कुणालाही आज तिथे जाऊन राख, गोटे आणि हत्यार यांचा संबंध पुन्हा तपासता येतो, कारण काठ अजून जागेवर आहे.

काठ जागेवर राहणे हीच आता अवघड गोष्ट झाली आहे. वाळूचा उपसा, नाल्यांचे खोलीकरण, शेततळी, रस्ते. पाणी अडवायला हवे आणि जिरवायला हवे, त्याला विरोध करण्याचा प्रश्नच नाही. माझी विनंती एवढीच की, यंत्र लागल्यावर उघडी पडलेली ताजी दरड कुणीतरी एकदा पायी फिरून पाहावी, फोटो काढावेत. शाळेतल्या भूगोलाच्या शिक्षकाने वर्ग घेऊन जावे. अभ्यासकांना इतक्या गावांत पोचणे शक्य नाही. गावातल्या माणसाला ते रोजच्या वाटेवर आहे. गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळला जांभ्या खडकावर कोरलेली चित्रे १९९३ मध्ये प्रकाशात आली तीही गावकऱ्यांनी सांगितल्यामुळेच.

कायद्याचे दोन शब्द. १८७८चा निखात निधी कायदा जमिनीत दडलेली कोणतीही मौल्यवान वस्तू सापडली, आणि ती १० रुपयांहून अधिक किमतीची असली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला सांगतो. १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली सर्वसाधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या मानवनिर्मित वस्तू येतात आणि त्या देशाबाहेर नेण्यास खाजगी व्यक्तीला बंदी आहे. संरक्षित स्मारकाच्या आवारात तर खडाही उचलू नये. तहसील कार्यालय, राज्याचा पुरातत्त्व विभाग, डेक्कन कॉलेज, जीवाश्म किंवा अशनी असेल तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, यांपैकी कुठेही कळवता येते. उत्तर यायला वेळ लागेल. तोवर वस्तू होती तिथेच ठेवणे शक्य नसेल, म्हणजे पूर येणार असेल किंवा यंत्र समोर उभे असेल, तरच ती उचलावी. उचलण्याआधी तीन फोटो काढावेत: लांबून संपूर्ण काठ, मधून थर, जवळून दगड आणि शेजारी मोजपट्टी. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश मिळतात, ते लिहून घ्यावेत. दगड दरडीत रुतलेला होता की पात्रात सुटा पडला होता, हे एका वाक्यात लिहावे. तारीख लिहावी. चिठ्ठी दगडासोबत पिशवीत घालावी आणि दगड धुऊ नये.

पुस्तक वाचायचे ते क्रमानेच, असा आग्रह नाही. ज्यांच्या हातात आत्ताच काही दगड आहे त्यांनी चौथे प्रकरण आधी उघडावे, तिथे कसोट्यांची कोष्टके आहेत. बाकीच्यांनी पहिल्यापासून वाचावे आणि पहिल्या काही फेऱ्यांत हत्यार शोधूच नये. आपल्या ओढ्यात कोणकोणते दगड नेहमी असतात, किती गोल झालेले, कोणत्या रंगाचे, हे फक्त पाहावे. नेहमीचे ओळखता येऊ लागले की वेगळा दगड आपण होऊन नजरेत भरतो. फूट यांच्या बाबतीत तेच घडले होते.

निघायला चांगला काळ म्हणजे पावसाळा ओसरल्यानंतरचा, दरडी धुऊन स्वच्छ झालेल्या असतात तेव्हा. आणि मग पुन्हा वैशाख, पात्र कोरडे पडल्यावर. पाऊस चालू असताना जाऊ नये. गाळाची उंच दरड वरून घट्ट दिसते, पण पाण्याने तिचा पाया पोखरलेला असतो आणि ती खाली उभ्या माणसावर एकदम कोसळते, म्हणून तिच्या तळाशी बसून कधीही खरवडू नये. गोट्यांच्या फटींत हात घालू नये. तिथे विंचू आणि फुरसे असतात. मुलांना एकटे पाठवू नये. वर धरण किंवा बंधारा असलेल्या नदीत आभाळ निरभ्र असतानाही पाणी येते, तेव्हा आवर्तन कधी सुटणार आहे ते गावात विचारून मगच पात्रात उतरावे.